बडीशेप आणि शिराझ

भाजलेल्या बडीशेपेचा वास आला की माझ्या मनात रविवारची संध्याकाळ उतरते. फाटकाची कडी वाजते, पप्पांच्या चपला पायरीशी थांबतात आणि ते आत येण्याआधी तो वास घरात येतो. गोडसर, थंड, जरा जास्तच स्वच्छ. दर रविवारी पप्पा मित्रांबरोबर पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका मळ्यावर जातात. तिथे चुलीवर मटण शिजतं, आणि मटणाबरोबर काय असतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त कुणी ते उच्चारलेलं नाही. बायकापोरांसमोर घ्यायची नाही, हा पप्पांचा नेम, आणि शर्टाच्या खिशातली बडीशेपेची चपटी डबी ही त्या नेमाची राखणदार. आई पाण्याचा तांब्या पुढे करते आणि वास आलाच नाही असं दाखवते. माणसं किती मायेने एकमेकांपासून लपून राहतात, नाही?

मला वाटायचं, या लपाछपीत मी नाही. मग पुण्यात नोकरी लागली आणि मैत्रिणींबरोबर जेवताना वाईनचा एखादा ग्लास मीही घेऊ लागले. एकदा तशीच जेवून आले आणि घरी व्हिडिओ कॉल करण्याआधी मूठभर बडीशेप तोंडात टाकली. फोनमधून वास जात नाही हे लक्षात येईपर्यंत ती चावून संपलीही होती. हसू आलं, आणि हसता हसता उदास वाटलं. पप्पांकडून मला भुवया मिळाल्या, अबोलपणा मिळाला. आता ही डबीही माझ्याकडे यायची होती का?

म्हणून या खेपेला घरी आल्यावर मी जाहीर केलं की रविवारी जेवण माझं, इटालियन, आणि पप्पांनी मळ्यावर जायचं नाही. टेबलावर वाईनची बाटली उघडपणे ठेवायची, हे मात्र मनातच ठेवलं. बाटली पाहून पप्पा पानावरून उठून गेले तर? मग आमच्यातलं हे न बोलणं कायमचंच झालं असतं.

बेत होता टोमॅटोत मंद शिजवलेल्या खिम्याचा आणि पास्त्याचा. वाईन घ्यायला दारूच्या दुकानात गेले, तेव्हा तिथली माणसं मला बघून आदबीने, अवघडून बाजूला झाली.

"गिफ्टला पाहिजे काय ताई?" मालकाने विचारलं. "गोडी वाईन देतो. लेडीज लोकं तीच नेत्यात."

"घरी जेवताना हवी आहे. खिमा आहे, टोमॅटोतला."

"तिखट?"

"मी करणार आहे. पण आई घरात आहे."

"मग तिखटच की," असं म्हणून तो मनापासून हसला.

मी दोन बाटल्यांपुढे घुटमळत होते. टोमॅटोच्या आंबटपणाला तसाच आंबटसर सोबती लागतो, असं वाचलं होतं. म्हणजे सांजोवेजी, मूळची इटलीची, आता नाशिककडेही रुजलेली. शेजारी शिराझ उभी होती, दाट, मिऱ्याचा झणका असलेली. पुस्तकाप्रमाणे पहिली बरोबर होती. पण स्वयंपाक कधी पुस्तकात शिजतो का? तो कुणाच्या तरी हाताखाली शिजतो. आईचा हात आठवून मी शिराझ घेतली. मालक सवयीने ती वर्तमानपत्रात गुंडाळू लागला, तेव्हा 'कागद नको' म्हणाले खरी; पण आमच्या गल्लीत वळताना पिशवीतली कोथिंबीर हळूच बाटलीच्या मानेवर ओढून घेतली.

अंदाज चुकला नाही. मी पास्ता निथळत होते तेवढ्यात आईने सॉसचं झाकण उघडलं. "रंगच न्हाय गं ह्याला. आजाऱ्याला द्यायचं हाय काय?" मी वळेपर्यंत कांदा-लसूण चटणीचा चमचा आत उतरलाही होता.

दिवेलागणीला आम्ही तिघं टेबलाशी बसलो. मी बाटली मधोमध ठेवली. पप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणी आणली?"

"मी."

"दुकानात तू गेलतीस?"

"व्हय," मी म्हणाले. इंग्रजी शाळेत घासूनपुसून काढलेला हा शब्द त्या क्षणी कुठून आला, कुणास ठाऊक.

पप्पा उठले. खुर्ची मागे सरली, पावलं आतल्या खोलीत गेली. आई ताटाकडे बघत राहिली. मी बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होते.

पावलं परत आली. खुंटीवरच्या शर्टातली चपटी डबी पप्पांनी बाटलीशेजारी ठेवली. "असू दे आता हितंच," ते म्हणाले आणि ग्लास पुढे केला.

पहिल्या घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला खिम्याचा घास घेतला. "ह्याच्यासंगं बरी लागतीया."

"चटणी माझी हाय म्हणून," आई म्हणाली, आणि त्यांच्याच ग्लासातला एक घोट घेऊन लगेच पाणी प्यायली.

फार बोलणं झालं नाही. आमच्या घरात ते होतही नाही. हात धुऊन झाल्यावर पप्पांनी डबी उघडली. आधी आईच्या तळहातावर चिमूटभर, मग माझ्या. तोच वास, गोडसर, थंड. तो लहानपणापासून माझ्या ओळखीचा होता, पण चव बहुधा पहिल्यांदाच कळत होती. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बडीशेप खाल्ली ती फक्त जेवण झालं म्हणून.