पक्षात सुई नको

भरणी श्राद्धाचं जेवण अंगावर आलेलं. त्र्यंबकराव देवस्थळी डाव्या कुशीवर वळतात. पंखा फिरतोय की खोली, हे नीट ठरत नाही. कुमुदताईंचा आवाज स्वयंपाकघरातून येतो आणि वाटेतच विरघळतो.

त्र्यंबकराव निवृत्त अभियंते. उभ्या नोकरीत पंचांग बघून एकही पूल बांधला नाही. पण साखर आहे, जोडीला जुना दमा, तेव्हा न्यूमोनियाची आणि फ्लूची लस घ्या असं डॉ. शेट्येबाईंनी सांगितलं, त्या दिवशी त्यांच्यातला धर्म खडबडून जागा झाला. पितृपक्षात नवीन काही करायचं नसतं म्हणे.

डोळा लागतो, तर ते शेट्येबाईंच्याच दवाखान्यात बसलेले. बाकांपुढे केळीची पानं मांडलीत. कंपाउंडर आमसुलाची चटणी वाढत चाललाय. शेजारच्या पानावर चुलतभाऊ, भालूदादा. आजचं श्राद्ध त्याचंच. नाकातोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क कपाळावर सारून तो वडा मोडतोय.

"ये, त्र्यंबक्या. आमच्यात नंबर लावावा लागत नाही."

"दादा, तू तर..."

"मेलोय. लाजतोस काय? माझ्या नावाने खीर ओरपताना लाजला नाहीस. साखर कशी आहे?"

"कंट्रोलमध्ये."

"माझीही होती. शेवटपर्यंत. लस घेतलीस?"

"पक्ष चालू आहे ना. हे पंधरा दिवस जाऊ देत."

भालूदादा हसतो. हसण्याचा खोकला होतो, तो लवकर थांबत नाही. "सोनं घेतोयस? वास्तुशांत करतोयस? दंडात सुई जायची आहे, गाढवा! आणि अडलीय कुणासाठी, तर आमच्यासाठी. आम्ही येतो, जेवतो, जातो. तुझ्या दंडाशी आमचं काय देणंघेणं?"

"तूही थांबलाच होतास की."

"थांबलो ना. पक्षात नको. मग घट बसले, तेव्हा नको. दिवाळीत ताप आला तर फराळ बुडेल, म्हणून नको. मार्गशीर्षात गेलो तो भर पंचकात. तेव्हा नाही कुणी मला विचारलं, भालचंद्रपंत, आजचा दिवस चालेल का?"

दवाखान्याच्या भिंती हिरव्या पडद्यांच्या झाल्यात. पानं तिथेच आहेत, पण बाकांच्या खाटा झाल्यात. भालूदादा आपला मास्क काढून त्र्यंबकरावांच्या तोंडावर बसवतो.

"घे श्वास."

ते घेतात. छाती वर येते, आत काहीच जात नाही. ओला पंचा तोंडावर धरून कुणी दाबावा तसं. ते हात झाडतात. दादाला हाक मारायची असते, पण तेवढाही दम नसतो.

"असं रात्रंदिवस चालतं," भालूदादा पानातली वाटी पुसत म्हणतो. "सून विचारते, बाबा, काही हवंय का? हवा हवी असते. ती सांगायलाही हवाच लागते."

तो मास्क ओढून काढतो. त्र्यंबकराव धापा टाकत राहतात. भालूदादा त्यांची डावी बाही पकडतो, घडीवर घडी घालत खांद्यापर्यंत चढवतो आणि दंडावर ओला कापूस खसाखसा घासतो. लहानपणी विहिरीवर आंघोळ घालायचा, त्याच निर्दयपणे.

"पुढच्या वर्षी माझ्या शेजारी तुझं पान मांडतील. मला नकोय तुझी संगत. पंक्तीत शेजारी बसलास की माझ्या पानातली वडी पळवायचास, मेल्या."

"दादा..."

"ऊठ."

"अहो, उठा, चहा झालाय." कुमुदताई कप घेऊन उभ्या. "आणि हे काय? झोपेत बाही कुणी चढवली?"

त्र्यंबकराव बघतात. बाही खांद्यापर्यंत, घट्ट घड्या घालून. दंडावर बोटाएवढी जागा लाल झालीय, आणि पंख्याखाली ती गार लागते, ओली असल्यासारखी. कुमुदताई बाही खाली करायला हात पुढे करतात.

"राहू दे. शेट्येबाई आल्या असतील का गं?"

"आज? आणि तुमचा पक्ष?"

"तो जेवून गेला."

कुमुदताई कप तिथेच ठेवतात आणि नवऱ्याचं मत बदलायच्या आत पायात चपला घालतात.