आईची ताकदीची सलाईन

आज सकाळी आईवर ओरडलो. तेव्हापासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथे लिहितोय.

आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, आधी केमोने गाठ लहान करू, मग ऑपरेशन, नंतर पुन्हा केमो. आम्ही भावंडांनी तिला सांगितलं, ऑपरेशनआधी अंगात ताकद यावी म्हणून सलाईन लावतायत.

आज केमोसाठी पनवेलला जायचं होतं. गाडी दारात उभी, आणि आई ओटीवर बिरड्याचे वाल सोलत बसलेली.

"मी नाय येत. ताकद आली मला. आता सलाईन नको, सरळ ऑपरेशन करा."

"तुला समजत कसं नाय गो आई?" मी ओरडलो.

"समजावलंस कधी मला?"

मग कॅन्सर, केमो, सगळं खरं सांगितलं. तिने ऐकलं, हात धुतले आणि गाडीत येऊन बसली.

पेण आलं. मग तिने हळूच विचारलं, "आनी कुनाकुनाला ठाऊक हाय?"

आमच्या गावात, वरशात, अख्ख्या आळीला ठाऊक आहे. मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.

आता ती आत आहे, सलाईन चालू आहे. परतताना ती पुन्हा विचारेल. तुम्ही काय सांगितलं असतं?