तक्रार नही शे

देवपुरातल्या एका कॉलेजच्या दवाखान्यात मी शिपाई म्हणून लागलो, तेव्हा माझं शिक्षण सातवीपर्यंत आणि गाव पार कोकणात. सहा-सहा महिन्यांची ऑर्डर मिळे. ती मिळाली की मी डॉक्टरांच्या खुर्चीलासुद्धा मनातून नमस्कार करायचो. कायम व्हायचं तर ‘कामास योग्य’ असा त्याच डॉक्टरांचा दाखला हवा होता. आणि सुया-चिमटे औषधाच्या पाण्यात धुऊन माझे हात मनगटापर्यंत फुटले होते. म्हणून साहेबांसमोर मी हात कायम पाठीमागे धरायचो. लोकांना वाटे, काय नम्र माणूस आहे!

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्यांना तक्रारीच तक्रारी. कर्मचाऱ्यांचं मात्र उलट. त्यांची वर्षाची तपासणी असली की डॉक्टर विचारायचे, “काही तक्रार?” आमच्याकडे तक्रार म्हणजे साहेबाविरुद्धचा कागद. ती कोण करणार? प्रयोगशाळेतला मदतनीस खोकत खोकत म्हणायचा, “नाही साहेब.” झाडूवाल्या अक्का कंबर धरून म्हणायच्या, “नाही साहेब.” मी फॉर्मवर ‘निरंक’ लिहायचो. कागदावर आमच्याइतकं ठणठणीत कॉलेज दुसरं नसेल.

एका वर्षी बागेतले माळी नाना तपासणीला आले. झाडांवर औषध फवारून त्यांचे हात थरथरायचे. डॉक्टरांनी विचारलं. नाना म्हणाले, “तक्रार काहीच नही शे, साहेब. दुखस तेवढं.”

डॉक्टर पुण्याचे, त्यांना ही बोली कळेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नानांची बोली मला नानांनीच शिकवलेली. पण आजाऱ्यांची यादी सुरू झाली तर माझ्या हातांपर्यंत येणार, या भीतीने मी म्हणालो, “तक्रार नाही म्हणतात.”

“आनि दुखस ते?” नाना गरजले. “ते तू खाई गया का रे?”

आणि त्यांनी माझा हात पाठीमागून ओढून टेबलावर ठेवला. “हाई देखा साहेब. याले बी तक्रार नही शे!”

माझी नोकरी तिथे, त्या टेबलावर, उघडी पडली होती. डॉक्टरांनी दोघांचे हात उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी नानांच्या आणि माझ्या फॉर्मवरचं ‘निरंक’ खोडलं आणि लिहिलं, ‘कामास योग्य. मात्र दोघांचंही काम बदलून द्यावं.’

मी कायम झालो. ऑफिसने डॉक्टरांचा शब्द अक्षरशः पाळला: नानांना चिमटे धुवायला बसवलं आणि फवारणीचा पंप माझ्या पाठीवर दिला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, “काही तक्रार?”

कायम नोकरीचा माणूस मी. हात पुढे केले. “तक्रार नही शे, साहेब,” मी म्हणालो. “दुखस तेवढं.”