वाळवण कुठं सरकवता?

कुठल्याही गच्चीवर गेले, तरी तात्या आधी आभाळाकडे बघत नसत. तिथे काय वाळत घातलंय ते बघत आणि समोर जी बाई असेल तिला विचारत, "ताई, दुपारचं वाळवण कुठं सरकवता?" कुरडया, मिरच्या, गोधड्या, काहीही असो. ती हात करून दाखवी आणि तात्या खिशातला खडू काढून तिथे रेघ ओढत. रेघेच्या अलीकडे दिवसभर ऊन, पलीकडे सावली. त्यांची मोजणी झालेली असे.

तात्या तिसगावकडचे, आमच्या कार्यालयात वायरमन. नगरला लागणारी थोडी तरी वीज नगरच्याच गच्च्यांवर करायची, आधी शाळा आणि दवाखाने घ्यायचे, असा आराखडा करायचं काम आमच्याकडे आलं होतं. मी अभियंता. उपग्रहाची छायाचित्रं संगणकावर बघून मी गच्च्या निवडायचो आणि मग आम्ही दोघं प्रत्यक्ष जाऊन तपासायचो.

"ह्या डब्यात पौषातलं ऊन दिसतं व्हय, सायेब?" त्यांनी एकदा विचारलं.

"दिसतं की. सगळा हिशेब आहे त्यात."

"मग त्यात एक पापड वाळवून दावा."

सगळं कार्यालय हसलं. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो. पुढे जे केलं त्यात त्या चिडण्याचा वाटा होता, हे आज कबूल करतो.

सावेडीतल्या प्रसूतिगृहाची गच्ची मी पाहिलीच नाही. तात्या गावी गेले होते, ऊन मी म्हणत होतं. छायाचित्रात गच्ची स्वच्छ दिसत होती. पंख्याखाली बसून मी मंजुरीच्या अर्जात लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. सावली नाही.' खाली सही केली.

मंजुरी मिळाली, काम सुरू झालं. मग एक दिवस स्कूटरवरून त्या रस्त्याने जाताना मला दिसलं, की प्रसूतिगृहाच्या पश्चिमेला चार मजली इमारत उभी आहे. मी पाहिलेलं छायाचित्र तिच्या आधीचं होतं. दुपारनंतर निम्मी पॅनेलं सावलीत जाणार, बॅटऱ्या भरणार नाहीत. आणि त्याच बॅटऱ्यांवर, वीज गेली की, नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं चालणार होती. हे कळूनही मी आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. ताटातलं निम्मं तसंच राहायचं.

शेवटी एका दुपारी चार वाजता गेलो. वर तात्या होते, शेवटची जोडणी तपासत. शेजारच्या इमारतीची सावली गच्चीवर सरकत आली होती आणि पॅनेलांपासून हातभर अलीकडे थांबली होती. पॅनेलांची सगळी ओळ पूर्वेला सरकवलेली होती. पश्चिमेचा भाग मोकळा. तिथे एक पुसट पांढरी रेघ.

"तात्या, मी ही गच्ची बघितलीच नव्हती. खोटं लिहिलं."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"तुमच्या अर्जात चादरी न्हाईत. हितल्या मावशी रोज चादरी वाळत घालत्यात, दोन वाजले की पूर्वेला सरकवत्यात. वर आलेला मानूस त्यांच्या तावडीतनं सुटत न्हाई."

तेवढ्यात मावशीच वर आल्या. "हेच का ते सायेब? तुमच्या काचांनी माझं ऊन खाल्लं बघा!"

"दोरीपुरतं सोडलंय की, मावशी," तात्या म्हणाले.

मी विचारलं, "मला आधी का नाही बोललात?"

"वर आलो त्याच दिवशी काचांची मांडणी मी दुरुस्त करून घेतली. बाळांचं काम थांबवून चालत न्हाई. तुमचं सांगनं थांबलं तर चालत हुतं." मग हलकेच म्हणाले, "अशा अजून किती गच्च्या?"

"एकच."

"नक्की?"

"नक्की, तात्या."

"मग चला, च्या घेऊ."

इतका गोड चहा मी आयुष्यात प्यायलो नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांना लेखी कळवलं, बोलणी खाल्ली आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.

तात्या आता निवृत्त होऊन तिसगावला असतात. आराखडा चालूच आहे. नवी गच्ची पाहून झाली, की जिना उतरायच्या आधी मी त्यांना फोन करतो. कुठला भाग, काय वाळत घातलंय, कोण भेटलं, सगळं विचारतात. 'वर चढलात का?' असं मात्र त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.