शेंदरी खाचा आणि आमचे भावजी

जिन्यानं वर जाणारा माणूस आमच्या धाकट्या भावजींना कधी पूर्ण माणूस वाटलाच नाही. देवासच्या कारखान्यात नोकरी करणारे हे माझे दीर, चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळत असत, आणि मी त्यांच्या पायांना वळसा घालून कपबशा मांडत असे. माझ्या माहेरी, धारला, त्यांना एक मुलगी दाखवली, तर यांनी मुलीऐवजी घरामागचा कडा न्याहाळला आणि तिच्या वडिलांना विचारलं, "हा आपल्या मालकीचा का?" मुलीकडून नकार आला, कड्यावर चढायची परवानगी मात्र हे घेऊनच उठले.

मालकाला विचारल्याशिवाय त्यांनी कुठल्याच दगडाला हात लावला नाही. सोनकच्छच्या रस्त्यावर बसमधून उतरलं की एक काळा कडा दिसायचा. तो आणि त्याच्या पायथ्याचं शेत एका मालवी म्हातारीचं. तिला सगळे जीजी म्हणत. भावजी बांधावरूनच चालणार, काट्यांचं फाटक पुन्हा लावणार, दुसऱ्यांची विडीची थोटकं स्वतःच्या खिशात भरणार, आणि हरभऱ्याला घाटे धरले की तिकडे फिरकणारच नाहीत. "वहिनी, पीक तुडवलं की वाट बंद. कडा कुठं पळून चाललाय?"

रविवारी त्यांचा दोर धरायला मी. भावजी मागच्या उतारानं जाऊन माथ्यावरच्या झाडाला दोराचा वळसा घालून येत; एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या. मी तेव्हा इतकी काडी होते की भावजी निसटले की ते खाली आणि मी, पाचवारीसकट, वर! आज हे सांगितलं की नातवंडं मला आपादमस्तक न्याहाळतात आणि विषय बदलतात.

सत्तरीचं दशक संपत आलेलं. कड्याच्या मधोमध माथ्यापर्यंत जाणारी एक वाट भावजींच्या मनात बसली. खाचा ध्यानात राहाव्यात म्हणून त्यांनी साहेबांना विचारून कारखान्यातला उरलेला रंग आणला, लोखंडाला गंज चढू नये म्हणून देतात तो शेंदरी, आणि एकेका खाचेला फासला. माळव्यात शेंदरी दगड म्हणजे भेरूजी, आपला भैरोबा, हे माळव्यातच जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात येऊ नये! पुढच्या रविवारी पाहतो तर नारळ फुटलेले, उदबत्त्या लावलेल्या आणि जीजी हात जोडून उभी.

"भिया, भेरूजी परगट वई ग्या! अब यां चढनो नी." म्हणजे चढणं बंद!

मी तर बी.एस्सी. झालेली. जगातलं सगळं अज्ञान माझ्याच पदरानं पुसलं जायचंय, अशी तेव्हा माझी खात्री. "जीजी, ये तो पेंट है! अभी घासलेट से साफ करती हूँ," म्हणत मी पदर खोचून निघालेसुद्धा.

"थांबा वहिनी. रंग मी लावलाय, पण नमस्कार तिनं केलाय. तो कशानं पुसाल?" मग त्यांनी जीजीला सगळं खरं सांगितलं.

जीजी ढिम्म. "रंग थारो, भेरूजी तो म्हारा. चढनो वे तो उणके पूछ."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवापुढची गव्हाची चिमूट उचलायची, दाणे जोडीजोडीनं लावायचे. सगळ्यांच्या जोड्या लागल्या तर होकार, एक उरला तर नकार. रविवारमागून रविवार एक दाणा उरायचा. आम्ही जीजीची मक्याची रोटी खाऊन दोर न उलगडता परत. "एक दाणा नखाखाली दाबा की!" मी कुजबुजले. भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा दोर कापायला सांगितला.

अखेर कौल मिळाला. पण जीजीची अट आली, शेंदरी दगडाला हात नाही, पाय नाही. म्हणजे धरण्याजोगी प्रत्येक खाच देवाची, आणि उरलेला कडा तव्यासारखा सपाट! दुसऱ्या माणसानं दुसरा डोंगर शोधला असता. भावजी म्हणाले, "ठीक है, जीजी."

त्या तव्यावर त्यांनी वर्षं काढली. बोटं सोलायची, मी हळद लावायची, हे पुन्हा चढायचे. पडायचे, मी उडायची. आणि एका रविवारी, एकाही भेरूजीला न शिवता, ते माथ्यावर पोचले. दोर सोडता येत नव्हता म्हणून मला टाळ्याही वाजवता आल्या नाहीत. भावजी वर पाय सोडून बसले ते बसलेच.

खाली आले, दोर गुंडाळत राहिले. जीजीकडे ताटावर बसल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, आता पुढच्या रविवारी काय करायचं?"

जीजीला मराठी कळत नव्हतं. तिनं त्यांच्या ताटात आणखी एक रोटी टाकली. "आवजो, भिया," ती म्हणाली. "यूँई आवजो."

आणि भावजी जात राहिले; नुसतेच, बांधावरून.