विसूकाकाचं लहान गाऱ्हाणं

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा आमच्या घरात दोनच गोष्टी चालू राहिल्या: आईचं ब्लेड आणि माझं कॉलेज. मुलुंडच्या एका कारखान्यातून प्लॅस्टिकच्या झाकणांची पोती यायची आणि आई दिवसभर त्यांच्या कडा तासत बसायची. बाबांनी वीस वर्षं लूमखात्यात काढलेली. तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची इतकी सवय, की घरात मीठ मागितलं तरी चार खोल्यांना कळायचं. संपाच्या सहाव्या महिन्यात त्यांनी बोलणंच टाकलं. मदत मात्र कोणाची घेणार नाहीत. मामाने पाठवलेलं तांदळाचं पोतं त्यांनी आल्या पावली परत पाठवलं, त्यावर आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

अशा घरात एका रविवारी विसूकाका येऊन बसला. विष्णू धुरी, आमच्याच गावचा. चाळीत पलीकडच्या टोकाला राहायचा आणि जकात नाक्याजवळच्या एका कच्छी शेठचा ट्रक चालवायचा. बुटका, पोट सुटलेला, पण मनगटं अशी की आई त्याला बरणीचं झाकण उघडायला बोलवायची. त्याने चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "शंकर, तुझो आवाज माका होयो."

"आवाज?" बाबा म्हणाले.

"नोकरी आसा. गाडीक ग्रीस मारूचा, टायर बदलूचे, ता चलतलाच. पण खरा काम आवाजाचा. माका 'व्हय म्हाराजा' म्हणूक माणूस होयो."

बाबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी ते शेठच्या गॅरेजात कामाला लागले. विसूकाकाने मदत केली असं त्यांनी कधी म्हटलं नाही, विसूकाकानेही म्हणू दिलं नाही.

आवाजाची भानगड खरी होती. एरवी मुलुंड-वापी माल नेणारा विसूकाका थंडीत त्याच ट्रकवर शर्यती मारायचा. शहराबाहेर लढाईच्या काळातली एक जुनी धावपट्टी होती. तिथे मोटारसायकली झाल्या, मोटारी झाल्या, की शेवटी ट्रक सुटायचे. हौद्याचे फाळके काढून हलके केलेले आठ ट्रक, पिंपं ठेवून आखलेली वळणं, दहा फेऱ्या. अशा तीन शर्यती म्हणजे त्याचा 'सीझन'. बाकीचे ड्रायव्हर तिशीच्या आतले, हा पंचेचाळीसचा. वळणावर ब्रेकला सहसा पाय लावायचा नाही. "ब्रेक म्हणजे वायट शेजारी," म्हणायचा. "अडला तर हाक मारूची. रोज उठान नाय."

पण ट्रक हलवण्याआधी गाऱ्हाणं घातल्याशिवाय तो क्लच सोडत नसे. वापीला जाताना तेच, शर्यतीला तेच. आमच्या कोकणात काम काढलं की गावच्या देवांना मोठ्याने साकडं घालतात आणि प्रत्येक ओळीला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा असतो. दुजोरा आला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही. आदल्या सीझनला मेकॅनिक रामदुलारे दुजोरा द्यायला उभा होता. गाऱ्हाणं अर्ध्यावर असताना पंचांनी त्याला पट्टीवरून हाकललं, निशाण पडलं, सात ट्रक धूर सोडत गेले आणि आठवा जागेवरच. रामदुलारे कुंपणाबाहेरून जीव तोडून 'व्हय म्हाराजा' ओरडत होता, इंजिनांच्या आवाजात काही ऐकू जात नव्हतं. शेवटी त्याने दोन्ही हात वर केले, तेव्हा विसूकाका हलला. तरीही चौथा आला. पण शेठ भडकला. म्हणाला, "विष्णू, तेरा भगवान धीरे सुनता है, मेरा टाइम जाता है. अगले सीझन में एक बार भी लेट छूटा, तो गाडी अंधेरीवाले लडके को दूंगा. रेस में भी, वापी को भी."

म्हणून बाबांचा आवाज. कुंपणापलीकडूनही ऐकू येईल असा.

पावसाळाभर तयारी चालली. रामदुलारेने इंजिन उतरवलं, बाबा चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारायला शिकले. संध्याकाळी विसूकाका व्हरांड्यात पाटावर बसून पायांचा सराव करायचा. समोर नारळाच्या तीन करवंट्या उपड्या: क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर. हातात लाटणं, तो गिअर. चाळीतल्या बायका विचारायच्या, "खय पोचलात, भावजी?" तो म्हणायचा, "पिंपाकडे. बाजूक व्हा, वळण मारतंय."

शेठने शर्यतीचं नियमांचं पुस्तक आणून दिलं, अख्खं इंग्रजीत. ते माझ्याकडे आलं, कारण आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी तेव्हाही मिरवायचे, आजही मिरवते. कलम चौदा मी दोनदा वाचलं. ट्रक रांगेत लागले की निशाण पडायला तीन मिनिटं. त्यातली दोन झाली की एक मिनिटाची पाटी दाखवणार, आणि पाटी दिसली की ड्रायव्हरशिवाय सगळ्यांनी कुंपणाबाहेर.

"काका, दोन मिनिटं आहेत तुझ्याकडे. बाबांचा आवाज काही कामाचा नाही. आठ इंजिनं चालू असताना तोफ वाजली तरी ऐकू येणार नाही. गाऱ्हाणं दोन मिनिटांत बसव."

त्याने गाऱ्हाणं म्हटलं, बाबांनी दुजोरा दिला, मी घड्याळ धरलं. चार मिनिटं चाळीस सेकंद.

"मनातल्या मनात म्हण," मी म्हटलं.

"मनातल्या मनात व्हय कोण म्हणतलो गो चेडवा?"

मग आम्ही देव कमी करायला बसलो. मी वही घेतली. रवळनाथ राहणारच. सातेरी राहणारच. वेतोबाला काढू का, विचारल्यावर विसूकाका चक्क उभा राहिला. "तेका काढलंय तर तो गाडीच्या फुड्यात येऊन बसात." वेशीवरचा, तळ्यावरचा, वडाखालचा; एकेकासाठी तासतासभर वकिली. शेवटी वहीतून एकही नाव खोडलं गेलं नाही, उलट विसरलेले दोन सापडले.

तोडगा बाबांनी काढला. "विसू, गावात सगळ्या देवांका मिळान बारा-पाच म्हणतत मां? तसाच म्हण. बारा-पाचाच्या म्हाराजांनू. झाले सगळे."

विसूकाकाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "शंकर, कचेरीत अर्ज करताना वर 'सर्व साहेबांस' लिवलंस, तर एक तरी साहेब काम करता?"

"मग गावाक विचार."

पत्र मी लिहिलं. विसूकाका शेजारी बसून सांगत होता, "शुद्ध लिही. गुरव देवासमोर वाचतलो." सदर ट्रक, सदर शर्यत, कलम चौदा, सगळं नीट घातलं, आणि देवाला कौल लावून कळवण्याची विनंती केली. महिना गेला, उत्तर नाही. पहिली शर्यत रविवारी, आणि शुक्रवारपर्यंत पोस्टमन रोज दारावरून सरळ पुढे. विसूकाकाचं जेवण कमी झालं. "उत्तर नाय इला तर मी आख्खा गाऱ्हाणा घालतलंय," तो बाबांना म्हणाला. "गाडी गेली तर गेली. तुझी नोकरी पण जाईत, शंकर, ता माका ठावक आसा."

बाबा म्हणाले, "तू घाल. मी व्हय म्हणतंय."

शनिवारी सकाळी कार्ड आलं. मी व्हरांड्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. 'चि. विष्णूस आशीर्वाद. कौल लावला, देवाने उजवा दिला. सुटताना बारा-पाच म्हटलेले चालेल. मात्र पोचल्यावर एकेकाचे नाव घेऊन सांगणे करावे. हरलास तरी करावे. वेतोबा रागावलेला नाही.'

शेवटचं वाक्य विसूकाकाने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग माझ्या आईला म्हणाला, "वैनी, भात वाढा."

रविवारी ट्रक रांगेत लागले. बाबा केबिनच्या दरवाजाशी उभे, आत विसूकाकाने हात जोडून सुरुवात केली. "बारा-पाचाच्या म्हाराजांनू, आज हो लेकरू तुमच्या नावान गाडीत बसलो हा, वाटेत काय अडचण असात ती दूर करा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबांच्या आवाजाने बाजूच्या ट्रकमधला तोच अंधेरीचा ड्रायव्हर दचकला.

पाटी दिसली तेव्हा बाबा केव्हाच कुंपणाबाहेर येऊन माझ्याशेजारी उभे होते. निशाण पडलं आणि विसूकाका सगळ्यांबरोबर सुटला. शेठने माझ्याकडे बघून खिशातला रुमाल काढला आणि तोंड पुसलं. सहाव्या फेरीत विसूकाका तिसरा होता, आठव्यात दुसरा. शेवटच्या पिंपाशी पुढच्याने ब्रेक मारला, विसूकाकाने मारला नाही.

बक्षीस द्यायला पाहुणे टेबलाशी उभे राहिले. विसूकाका आलाच नाही. ट्रकसमोर हात जोडून तो एकेक नाव घेत होता, विसरलेले ते दोन देवसुद्धा, आणि बाबा दुजोरा देत होते. पंच चिडले, घड्याळ दाखवू लागले. शेठ त्यांना म्हणाला, "दोन मिनट रुको ना यार," आणि स्वतः ट्रकपाशी जाऊन पुढच्या ओळीला 'व्हय म्हाराजा' म्हणाला. उच्चार वाईट होता. विसूकाकाने तो चालवून घेतला.

त्या सीझनच्या तिन्ही शर्यतींत विसूकाका वेळेवर सुटला. पहिलीत पहिला आला, बाकीच्या दोन्हींत दुसरा. ट्रक त्याच्याकडे राहिला, शर्यतीला आणि वापीलाही. बाबा त्याच गॅरेजात कायम झाले. आईने ब्लेड ठेवून दिलं. पुढच्या जूनमध्ये मी बी.कॉम. पास झाले.