चहाच्या रंगाची लेन्स

कॉव्हेंट्रीच्या इस्पितळात डॉक्टर अंबरीश देवस्थळींनी आयुष्यभर एकच काम केलं, ते म्हणजे लोकांच्या छातीच्या एक्स-रेवर संशय घेणं. रेडिओलॉजिस्टला पगारच त्याचा मिळतो. फिल्म उजेडावर धरायची, डोळे बारीक करायचे आणि रिपोर्टाच्या शेवटी लिहायचं की काही दिसत नाही, पण नाहीच असंही सांगता येत नाही. निवृत्त झाल्यावर छात्या यायच्या बंद झाल्या, संशय मात्र कायमचा घरी राहायला आला. दुधावरची तारीख, कौन्सिलनं बदललेले कचऱ्याचे डबे, शेजारच्या कीथनं विनाकारण केलेलं गुड मॉर्निंग, असं सगळंच ते उजेडावर धरून बघू लागले.

या संशयाला भरपूर चारापाणी मिळालं ते जुन्या कॅमेऱ्यांमुळे. रोल घालायचे, हातानं फोकस करायचे, सगळं आपल्यालाच करायला लावणारे कॅमेरे. गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या कार बूट सेलमध्ये एखादा आजोबा म्हणायचा, "लवली कंडिशन, हार्डली यूझ्ड," की देवस्थळी खिशातून घसा तपासायचा छोटा टॉर्च काढायचे आणि लेन्समध्ये मागून उजेड सोडायचे. आत बुरशीचे धागे दिसले की त्यांचा चेहरा खुलायचा. निदान बरोबर आल्याचा आनंद तो. मग ते आजोबांकडे अशा नजरेनं बघत, जणू आता नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगायला हवं.

पण लेन्स निर्दोष निघाली, तर मात्र हाच माणूस विरघळून जायचा. मधाच्या बरणीत चमचा फिरवावा तशी जड, गुळगुळीत रिंग ते नुसतीच फिरवत बसत. कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीतून आधी दिसायचं धुकं, मग धुक्याची बाई, मग बाईच्या स्वेटरचा एकेक टाका. तेवढ्या एका क्षणापुरतं जगात काहीही संशयास्पद उरत नसे. अडचण इतकीच, की तो क्षण यायला फार वेळ लागे. कालव्यावरच्या हंसानं पोज दिली, देवस्थळींनी रिंग फिरवायला घेतली, तोवर हंस पलीकडच्या काठावर जाऊन कुणाचा तरी ब्रेड खाऊन आला, असं अनेकदा झालं होतं.

रविवारी त्यांच्याबरोबर असायचा शशी म्हसकर. त्याच इस्पितळातला भूल देणारा डॉक्टर, आता तोही निवृत्त. दोघं एकाच वर्षी या देशात आले, एकाच फ्लॅटमध्ये राहिले, एकाच कुकरातला भात खाल्ला. जुन्या कॅमेऱ्यांचा नाद शशीलाही, पण त्याचा ओढा दुरुस्तीकडे. अडकलेलं शटर, घट्ट झालेली रिंग, सगळं त्याच्याकडे. लेन्सच्या तोंडावरची नाव कोरलेली रिंग फिरवून काढायला रबराची गोल बुचं लागतात, ती त्याच्याकडे मोठ्या मापापासून छोट्यापर्यंत होती. या बुचांकडे देवस्थळी आजवर कौतुकानं बघत.

देवस्थळींची लाडकी लेन्स एकच. पन्नास मिलिमीटरची, जुनी जपानी, आणि आतली काच चहाच्या रंगाची. दुधाचा नव्हे, कोऱ्या चहाच्या. त्यांच्या मते तो तिचा जन्मजात रंग होता आणि तोच तिचा गुण. ज्या देशात ऊन सणावाराला येतं तिथे ही लेन्स आपलं ऊन बरोबर घेऊन फिरायची. जानेवारीतला मेमोरियल पार्क तिच्यातून काढला तरी फोटोत दसऱ्याच्या दुपारचा पिवळसर उजेड असायचा. शशीची बायको अरुणा पार्कातल्या बाकावर थर्मास उघडताना हसली, तो फोटो याच लेन्सनं निघालेला. देवस्थळी रिंग फिरवत राहिले आणि त्या वेळखाऊपणालाच ती हसली होती. पुढच्या हिवाळ्यात अरुणा गेली. फोटो शशीच्या बैठकीच्या खोलीत टांगलेला आहे, आणि त्या भिंतीवर दुसरं काही नाही.

मे महिन्यात देवस्थळींना भावाच्या ऑपरेशनसाठी एकट्यानं पुण्याला जावं लागलं. कॅमेरा नेला नाही. विमानतळावरच्या एक्स-रेनं फिल्म खराब होते म्हणे. जन्मभर माणसांना एक्स-रेसमोर उभं केलेल्या गृहस्थाला फिल्मच्या रोलाची मात्र दया आली. कॅमेरे आणि लेन्स जिन्याखालच्या कपाटात ठेवून, सुलक्षणाबाईंना "कपाटाला हात लावू नकोस" असं बजावून ते गेले. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला कपाटाला हात लावू नकोस म्हणणं म्हणजे काय करणं, हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं.

परत आले तेव्हा कॉव्हेंट्रीत चक्क उन्हाळा झालेला होता. आल्या आल्या त्यांना मागच्या काचेच्या खोलीतल्या, म्हणजे कन्झर्व्हेटरीतल्या, टेबलक्लॉथवर लोणच्याची बरणी जरा विचित्र जागी दिसली. उचलली. खाली वाटाण्याएवढं, कडेनं करपलेलं भोक. सिगरेटचं. त्यांनी बरणी होती तशी परत ठेवली.

"मी नसताना कोण आलं होतं?"

"कोण येणार? शशीभावजी आले होते, तुमचं ट्रायपॉड न्यायला," सुलक्षणाबाई म्हणाल्या आणि घाईघाईनं भाजी चिरायला गेल्या. देवस्थळींनी घाईची नोंद घेतली. अरुणानं भांडून भांडून शशीची सिगरेट सोडवली होती. म्हणजे परत सुरू झाली तर.

मग त्यांनी कपाट उघडलं. सगळं जागच्या जागी. लाडकी लेन्स काढून खिडकीकडे धरली. काच स्वच्छ होती. पाण्यासारखी. चहाचा थेंबसुद्धा नाही.

त्यांनी रिंगवरचा नंबर बघितला. तो त्यांना पेशंटच्या नंबरासारखा पाठ होता, आणि तोच होता. दुसऱ्या कुणालाही इथे हायसं वाटलं असतं. देवस्थळींना मात्र कट आणखी खोल असल्याचं दिसलं. नंबर असतो नाव कोरलेल्या रिंगवर. ती काढून दुसऱ्या लेन्सवर बसवायला लागतात रबराची बुचं. आणि अख्ख्या कॉव्हेंट्रीत ती कुणाकडे आहेत?

तरी पुरावा हवा म्हणून त्यांनी एक रोल काढून लॅबला पाठवला. फोटो आले ते बघवेनात. कॉव्हेंट्री अगदी कॉव्हेंट्रीसारखी दिसत होती.

मुलगी उर्वी क्रॉयडनला राहायची. तिला त्यांनी फोनवर, दार लावून, सगळं सांगितलं.

"शशीकाका?" उर्वी म्हणाली. "बाबा, ही इज लाइक, द लीस्ट क्रिमिनल पर्सन. आणि त्याला पाहिजे असला तर तो मागेल ना. तू देशील पण."

"तेच तर. मागितलं का नाही?"

"कारण त्यानी घेतला नाहीये, बाबा."

इंग्लंडात वाढलेल्या मुलांना संशय नीट घेता येत नाही, असं देवस्थळींचं मत पडलं.

त्यातच शशी कॉव्हेंट्री सोडून मुलाजवळ, एडिनबऱ्याला, कायमचा निघाला होता. घर विकलं होतं. देवस्थळींना वाटलं, जाताना माणूस काही ना काही घेऊनच जातो. सुलक्षणाबाईंनी त्याला रविवारी जेवायला बोलावलं, तर त्याचा उलटा फोन. "अंब्या, ती चहावाली लेन्स आहे ना जागेवर? रविवारी काढून ठेव." दुसऱ्या दिवशी परत तेच. खरा चोर असाच फिरून फिरून जागेवर येतो, हे देवस्थळींनी कुठेतरी वाचलं होतं. पण त्या रात्रीच्या जेवणात त्यांना आमटीची चव लागली नाही. लेन्स गेली तर दुसरी मिळाली असती. शशी गेला की या गावात "अंब्या" म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. आणि त्याला विचारलं तर मैत्रीच कायमची तुटणार, न विचारलं तर ही रुखरुख मनात घेऊनच त्याला निरोप द्यायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, की विचारायचं नाही, दाखवायचं. दाखवलं की चेहरा बोलतो.

रविवारी शशी आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. शशी आणि इस्त्री. देवस्थळींनी हीही नोंद घेतली. उर्वी खास ट्रेननं आली होती आणि सकाळपासून वडिलांवर नजर ठेवून होती. कन्झर्व्हेटरीत बसल्यावर देवस्थळींनी लेन्स आणि टॉर्च शशीपुढे ठेवला.

"जरा बघून सांग. सेकंड ओपिनियन."

शशीनं लेन्स उचलली, टॉर्च लावला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ही कुठली?" शशीनं विचारलं.

"तूच सांग."

"अंब्या, ही तुझी नाही."

"तुला काय माहीत?"

"न कळायला काय झालं? चहा कुठे गेला हिच्यातला?" शशीनं टॉर्च बंद केला. "विकलीस?"

"मी? मी विकली?" देवस्थळींनी रात्रंदिवस घोकलेलं वाक्य जिभेवर आलं. "शशी, मी इथे नसताना तू..."

"बाबा, डोन्ट," उर्वी हळूच म्हणाली.

शशीचं लक्षच नव्हतं. तो लेन्स तळहातावर घेऊन बसला होता. "निदान मी जाईपर्यंत तरी थांबायचं होतंस, लेका. अरुणाशेजारी लावायला माझा एक फोटो हवा होता मला. तिच्यासारख्याच उजेडातला. तिकडच्या भिंतीवर दोघं शेजारी शेजारी लावणार होतो. म्हणून तर दोनदा फोन केला. म्हणून तर हा शर्ट."

घोकलेलं वाक्य देवस्थळींच्या घशात आडवं झालं. ते गिळावं की काढावं, ते ठरेना. तेवढ्यात सुलक्षणाबाई पोळ्यांचा डबा घेऊन आल्या.

"जेवायच्या आधीच तोंडं का पाडून बसलात? लिंबाचं लोणचं घ्या, बघा कसं मुरलंय," म्हणत त्यांनी बरणी उचलली. खालचं भोक उघडं पडलं. देवस्थळींना बोलायला काहीतरी सापडलं.

"आणि हे? शशी, परत ओढायला लागलास ना तू?"

"मी? अरुणाला शब्द दिलाय मी."

"त्यांना कशाला बोलताय?" सुलक्षणाबाईंनी बरणी परत भोकावर ठेवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. "भोक तुमच्याच भिंगानं पाडलंय."

देवस्थळींनी भोकात बोट घालून बघितलं.

"अहो, तुमच्या कपाटाला कुबट वास येत होता. कोट, बॅगा, सगळं काढून ऊन दाखवलं. ऊन होतं ना यंदा. तुमचं ते भिंग लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवलं."

"लेन्सची झाकणं लावून?"

"झाकण लावून ऊन कसं लागेल? काढली दोन्ही. तर पहिल्याच दिवशी धूर. मग स्टीलच्या ताटात ठेवत होते, महिनाभर, तुम्ही येईपर्यंत. तुम्हाला सांगितलं असतं तर आगीवर व्याख्यान ऐकावं लागलं असतं." त्या शशीकडे वळल्या. "भावजी, तुम्ही आलात तेव्हा बरणीशेजारीच होतं की. तुम्ही लोणच्याकडेच बघत होतात."

उर्वीनं एव्हाना फोनवर शोधलं होतं. "बाबा, हे सगळ्यांना माहिती आहे. त्या काचमध्ये थोरियम असतो. जुना झाला की काच पिवळा होतो. मग लोक मुद्दाम उन्हात ठेवतात, क्लीअर करायला. आईनी परफेक्ट केला."

"थोरियम म्हणजे?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"थोडा रेडिओअ‍ॅक्टिव्ह असतो."

"माझ्या लोणच्याशेजारी?"

"काही होत नाही," देवस्थळी म्हणाले. जन्मजात रंग म्हणून ज्याचं इतकी वर्षं कौतुक केलं तो निव्वळ म्हातारपणाचा डाग निघाला होता, आणि तोसुद्धा एका रेडिओलॉजिस्टच्या नजरेतून सुटलेला.

"काही होत नाही ना? मग पहिली फोड तुम्ही खा."

त्यांनी खाल्ली. फोड चांगलीच मुरली होती. डोळ्यांत पाणी आलं ते लोणच्याच्या तिखटानं, असं त्यांनी सांगितलं. शशी त्यांच्याकडे बघत होता.

"मी इथे नसताना तू, असं काहीतरी म्हणत होतास मघाशी. काय?"

देवस्थळींनी उर्वीकडे बघितलं. उर्वीनं छताकडे बघितलं.

"मी नसताना तू येऊन गेलास, आणि लोणचं न खाताच गेलास, असं म्हणत होतो."

"खाल्लं होतं मी."

"मग प्रश्नच मिटला. चल बागेत. शर्ट चुरगळायच्या आत."

बागेत शशीला सफरचंदाच्या झाडाखालच्या खुर्चीत बसवलं. देवस्थळींनी लेन्स कॅमेऱ्यावर चढवली आणि रिंग फिरवायला घेतली. आधी धुकं, मग धुक्याचा शशी. उजेड साधा, पांढरा, खराखुरा होता. त्यात शशीच्या डोळ्यांखालच्या वळ्या, दाढी करताना राहिलेला एक पांढरा केस, कॉलरची इस्त्री, सगळं एकेक करून वर येऊ लागलं. फोकस केव्हाच लागला होता. देवस्थळी उगाच थोडं पुढे, थोडं मागे करत राहिले.

"फोटो काढतोयस की छातीत सावली शोधतोयस?" शशी म्हणाला आणि हसला. तेवढ्यात खटकन बटण दाबलं गेलं.

"आला?"

"आला. पण उजेड अरुणावहिनींचा नाही."

"नसू दे. ती पार्कात बसली होती म्हणावं, मी तुझ्या बागेत."

जाताना शशी गाडीत बसल्यावर देवस्थळींनी त्याच्या मांडीवर लेन्सचा चामडी डबा ठेवला.

"हे काय?"

"एडिनबऱ्याला ऊन नसतं. अंधाऱ्या कपाटात ठेव. हळूहळू परत चहा होईल. मग खरा फोटो काढू."

"वर्षं लागतील, अंब्या."

"लागू देत. मी मधूनमधून येऊन बघणार. तुझा काय भरवसा? कुणाच्या तरी सांगण्यावरून उन्हात ठेवशील."

शशीनं डबा उघडला. लेन्स काढून फोनचा टॉर्च लावला, आधी पुढून, मग मागून. मग रिंगवरचा नंबर डोळ्यांजवळ नेला.

"हीच आहे ना रे? रिंग बदलून दुसरी नाही ना दिलीस?"

देवस्थळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते खिडकीवर वाकले.

"रिंग बदलता येते, हे तुझ्या डोक्यात आलंच कसं?"